लांब उडीचा निकाल

"मैं आगे थी," ओजस्विनी पुन्हा म्हणाली आणि सुरुचीचा पारा चढला.

लेकीची लांब उडी बघायला ती मोहालीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून चंडीगडला तिच्या शाळेत आली होती. पोचेपर्यंत उड्या संपल्या होत्या आणि मैदानातल्या फळ्यावर निकाल लागला होता. हिमानी ४.८. ओजस्विनी ४.१२. आंतरशालेय स्पर्धेला एकच मुलगी जाणार होती, ती हिमानी. त्या एका जागेसाठी ओजस्विनी वर्षभर पहाटे उठून सुखना तलावाच्या काठाने धावली होती. आता तिने वाळूच्या खड्ड्याशेजारी बसकण मारली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"फळा बघ की जरा! पॉइंटनंतरचा पहिला आकडा दशांशाचा. तिचे आठ दशांश, तुझा एक. बारा दिसले की आठापेक्षा मोठे वाटतात तुला! महिनाभर घसा फोडून शिकवतेय मी."

दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत ओजस्विनीने दिवे लावले होते. तेव्हापासून सुरुची रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायची आणि दोघींपैकी एक जण रडून उठायची. लोकांची मुलं ऑलिम्पियाडला बसतात, हिला साधं ४.८ कळू नये!

"मम्मा, सर से पूछ लो ना."

"सरांसमोर शोभा करून घ्यायचीय का आता?"

तरी तिने विचारलं. एकदाचं लेकीचं तोंड बंद व्हावं म्हणून. पीटीचे नरेश सर टेप गुंडाळत होते.

"सर, ज़रा इसको बताइए, हिमानी कितना कूदी?"

"चार मीटर आठ सेंटीमीटर जी."

"और ये?"

"चार मीटर बारह."

सुरुचीला क्षणभर कळेना. मग कळलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आठ सेंटीमीटर म्हणजे मीटरचे आठ शतांश. ४.०८. सरांनी मधलं शून्य खाल्लं होतं आणि हिमानीच्या आठ सेंटीमीटरचे फळ्यावर ऐंशी झाले होते.

"ज़ीरो कहाँ है, सर?"

"मैंने तो नाप के लिख दिया जी. नंबर तो मॅडम ने निकाले."

सुरुचीने त्यांना जवळजवळ ओढतच मुख्याध्यापिका वंदना मॅडमच्या खोलीत नेलं. तिचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जात होता. एका शून्यापायी पोरीचं वर्ष फुकट घालवाल का, असं तिने टेबलावर हात आपटून विचारलं. वंदना मॅडमनी नरेश सरांकडे बघितलं, सरांनी जमिनीकडे. फळा पुसला गेला. पहिलं नाव ओजस्विनीचं लागलं.

सुरुची धापा टाकत खड्ड्यापाशी परत आली. आपण लेकीसाठी भांडलो, याचं तिला फार बरं वाटत होतं.

"जा, तूच जाणार आहेस स्पर्धेला. आता तरी डोक्यात शिरलं का, ४.८ मोठं आणि ४.०८ लहान?"

ओजस्विनी उठून उभी राहिली. जागा मिळाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. तिने अंगावरची वाळू रागारागाने झटकली.

"४.८ तो बड़ा ही है, मम्मा. मैंने कब कहा था कि छोटा है? मैंने तो रेत पे निशान देखे थे."