हेरेफर्डची लढाई, एदोगावा

वेल्श राजा मरायला तयार नव्हता.

"शिवानी, पड आता," भानुमती म्हणाली. "सॅक्सनांनी तुला तीनदा मारलंय."

"हळू मारलंय," राजा म्हणाला. राजाचं वय आठ. राजा भानुमतीची मुलगी.

एदोगावातल्या नदीकाठच्या बागेत दहा वेल्श आणि दहा सॅक्सन होते. इमारतीतली झाडून सगळी मुलं. प्रत्येकाच्या हातात नेगी, म्हणजे हातभर लांब जपानी पातीचा कांदा.

सन सातशे साठमध्ये हेरेफर्डला वेल्श आणि सॅक्सन यांची लढाई झाली, एवढी एक ओळ जुन्या नोंदीत आहे. कोण जिंकलं ते नाही. त्या ओळीवर भानुमतीने सात वर्षांत तीनशे पानं लिहिली होती. आता सेन्सेई, म्हणजे तिचे गाईड, म्हणाले होते, सोमवारपर्यंत निकाल लिहा, नाहीतर पीएचडी पुढच्या वर्षी. म्हणून तिने लढाईच लावली.

"शास्त्रीय प्रयोग आहे, बाबा," तिने बाकावरच्या सासऱ्यांना सांगितलं.

"दिसतंय," जगदीशराव म्हणाले. एक सॅक्सन आपला भाला खात होता.

तासभर झाला तरी कोणी हरेना. मेलेले पाणी पिऊन परत लढायला येत होते. सॅक्सन राजा अद्वय दर दोन मिनिटांनी "ज़ुरुई" म्हणजे चीटिंग म्हणून ओरडत होता, आणि स्वतः दोनदा मरून उठला होता. भानुमतीच्या वहीचं पान कोरंच.

तेवढ्यात खांबावरच्या भोंग्यातून पाचची धून वाजली. मुलांनी घरी जायची, रोजची.

दोन्ही सैन्यं जागच्या जागी थांबली. मेलेले उठले. राजांनी कमरेत वाकून एकमेकांना नमस्कार केला, उद्या भेटायचं ठरवलं, आणि दोन मिनिटांत रणांगणावर एकही मूल की सायकल उरली नाही.

भानुमती बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसतच तिने वहीत लिहिलं: कोणी जिंकलं नाही. संध्याकाळ झाली, सगळे घरी गेले.

"सेन्सेई पुरावा मागतील," जगदीशराव म्हणाले. ते गवतात पडलेल्या नेगी गोळा करत होते.

"तेच तर. हेरेफर्डला कुणाला एकही हत्यार सापडलेलं नाही."

जगदीशरावांनी कवेतल्या जुडीकडे पाहिलं. "खाल्ली असणार."

"झुणका तुम्ही करा, बाबा," भानुमती म्हणाली. "मी तळटीप लिहिते."