मर्विन वाचला

फ्लोरिडातल्या डोरिनचं घर परवा जळून खाक झालं. विमा कंपनीच्या लेखी मात्र ते अजून जसंच्या तसं उभं आहे.

“मॅडम, ‘घरात साप आहे का?’ याला तुम्ही ‘नाही’ लिहिलंत. खोटी माहिती, भरपाई नाही,” एजंट फोनवर म्हणाला.

“तूच म्हणालास ना रे, अजगर लिहिलात तर कुणी विमाच देणार नाही म्हणून!”

“पण पेपरात फोटो आलाय. अग्निशमन जवानाच्या गळ्यात तुमचा अजगर.”

‘माझा मर्विन आत राहिलाय हो!’ असा हंबरडा डोरिननेच फोडला होता.

मर्विनला मोटेलच्या टबात सोडून तिने अग्निशमन केंद्राला अर्ज लिहिला.



‘आपण जिवावर उदार होऊन वाचवलेला अजगर आमच्या घरात कधी नव्हताच, असा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.’