भिंत वाळेपर्यंत

देव्हारा ट्रकमध्ये तयारच असतो. मालिकेचं युनिट कुठल्याही गावात उतरू दे, चहाच्या किटलीआधी देव्हारा उतरतो. पाटणच्या अलीकडच्या त्या गावातही तो सकाळीच बनाबाईच्या सोप्यात येऊन बसला होता, समई, घंटा आणि प्लॅस्टिकच्या हारासकट. फक्त त्याला जागा नव्हती, कारण समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

"तेवढा फोटो काढू या का, सर?" चॅनेलचा विश्वजित महेंद्रला म्हणाला. आवाज अगदी लोण्यासारखा. "तसं काही नाही हो. पण घर कसं, सगळ्यांना आपलं वाटलं पाहिजे."

महेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर त्याच्या चुलतीचं, बनाबाईचं. मालिका त्याची, लिहिलेली त्यानेच आणि पहिल्यांदाच निर्माताही तोच. पंधरा वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिताना त्याने वाडे लिहिले, बंगले लिहिले, खाष्ट सासवांच्या हातात आरतीची तबकं दिली. बनाबाई त्याची प्रत्येक मालिका नेमानं बघायची आणि फोन करून एकच विचारायची, ह्यात आपलं घर कुठलं रं? पुढच्या वेळी, असं तो सांगायचा. त्या पुढच्या वेळेसाठीच तर तो निर्माता झाला होता. आजच्या प्रसंगात त्याची नायिका फौजेच्या भरतीला निघते आणि निघताना या फोटोला हात जोडते. ना भाषण, ना रडारड. एवढंच.

तो भांडला. गोष्टच या घरातली आहे म्हणाला. सगळ्यांचं घर म्हणजे आमचं सोडून सगळ्यांचं का, असंही त्याने विचारलं. विश्वजितने शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की हे त्याचं स्वतःचं मत नाही, वरून आलंय, आणि हट्ट धरलात तर आठची वेळ दुसऱ्या मालिकेला जाईल. बाहेर मांडवात युनिटची माणसं नाश्ता करत होती. महेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं आणि राग गिळला.

सेटचा माणूस पुढे झाला तेव्हा मात्र त्याने त्याला थांबवलं. परक्याचा हात नको, म्हणून महेंद्रने टाचा उंचावून फोटो स्वतःच उतरवला. तिथेच चुकलं. परक्याने उतरवला असता, तर बनाबाई त्या परक्याशी भांडली तरी असती.

ती पुढे आली, पदराने काच पुसली आणि फोटो दोन्ही हातांत घेऊन अंगणात जाऊन उभी राहिली.

त्या घराची तशी रीतच होती. फोटो आबांनी, तिच्या नवऱ्याने, फौजेतून पहिल्या सुट्टीला येताना आणलेला. भिंतीला चुना द्यायचा असला तरच तो उतरायचा, पण भुईला टेकायचा नाही. भिंत वाळेपर्यंत घरातलं कुणीतरी तो हातात धरून बसायचं. लहानपणी महेंद्रनेही धरला होता आणि हात अवघडले म्हणून कुरकुर केली होती.

आत देव्हारा मांडला गेला. नायिकेचं काम करणारी मुलगी समईपुढे वाकली. एकदा उजेड कमी पडला, एकदा शेजारचा कोंबडा आरवला, एकदा घंटा नीट वाजली नाही. प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून. अंगणात ऊन चढलं. विश्वजितने खुर्ची पाठवली, मग स्वतः येऊन म्हणाला, आजी, गाडीत ठेवा ना फोटो, एसी आहे. बनाबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी महेंद्र मॉनिटरसमोरून उठून बाहेर आला.

"काकी, दे इकडं."

तिने दिला नाही. "ह्यांनी चुना दिला की मी सांजंपतूर धरून बसायची," ती म्हणाली. "तू पंधरा वरसं धराय लावलंस. आता तूच सांग बाबा, भिंत कवा वाळायची?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. महेंद्रला विश्वजितचा राग आला, त्या न दिसणाऱ्या वरच्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. इतकी वर्षं फोटो उतरवायला कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. त्याने तो कधी लिहिलाच नव्हता.

आतून दिग्दर्शकाने सगळ्यांना शांत केलं. कॅमेरा सुरू झाला. महेंद्रने तिच्या हातातून फोटो घेतला, छातीशी धरला, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत शिरला.

"सर," कॅमेरामन दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही कॅमेऱ्यात येताय."

"येऊ दे. बंद करू नकोस."

विश्वजित हातवारे करत राहिला. समईपुढे वाकलेली मुलगी गोंधळून बाजूला सरली. मागे दारात बनाबाई येऊन उभी राहिली होती.

"वाळली व्हय रं?" तिने विचारलं.

"वाळली, काकी," महेंद्र म्हणाला आणि देव्हाऱ्यावरून हात लांबवून भिंतीतला खिळा चाचपू लागला.