जांभळीखालची जागा

"सात नंबरला गाडी लावता यायची न्हाय," मालुबाईनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि झाडू उचलून ती आपल्या वाटेला लागली.

पूर्णिमानं आजूबाजूला नजर टाकली. कणकुंबीच्या जंगलाला लागून असलेल्या त्या कॅम्पात गाड्यांसाठी आठ जागा होत्या आणि नाताळची सुट्टी असूनही त्यातल्या सहा रिकाम्या होत्या. सात नंबर तर समोरच होता, भल्यामोठ्या जांभळीखाली. जाहिरातीतला फोटो याच जागेचा. तो बघूनच तिनं बेळगावात कॅरव्हॅन भाड्यानं घेतली होती, आत बिछाने आणि शेगडी असलेली. आणि कॅम्पवरची ही राखणीची बाई त्यांना तीन नंबरला उभं करत होती, एका अंगाला जनरेटर, दुसऱ्या अंगाला संडास.

पूर्णिमाच्या दृष्टीनं ही साधी सहल नव्हती. तिचं आणि सौरवचं वर्षभर फाटलं होतं. भांडणंसुद्धा संपून गेली होती आणि घरात नुसता अबोला उरला होता. पाच वर्षांच्या इराला घेऊन चार दिवस कुठंतरी झाडाखाली राहू, मग वेगळं व्हायचं की नाही ते ठरवू, एवढं तिनं त्याच्याकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं.

पहिला दिवस जनरेटरच्या धडधडीत गेला. सौरव गाडीत मोबाईल घेऊन पडून राहिला. इरा धुळीत कंटाळून रडली. चारातला एक दिवस असा मातीत गेला, आणि पूर्णिमाचा सगळा राग त्या म्हातारीवर जाऊन बसला.

कारणं तरी किती सांगावीत माणसानं! पूर्णिमाला तिनं सांगितलं, तिथं मुंग्या लई आहेत. सौरवला म्हणाली, त्या बाजूनं गवे येतात. शेजारच्या गोव्याच्या कुटुंबाला जांभळीची फांदी मोडायला आल्याची भीती घातली. पूर्णिमा येळ्ळूरच्या शेतकऱ्याची लेक. ती स्वतः जाऊन बघून आली. मुंग्या नव्हत्या, गव्याचा खूर उमटलेला नव्हता, फांद्या धडधाकट होत्या. उलट आख्ख्या कॅम्पात झाडून लख्ख केलेली तेवढी एकच जागा होती. संडासाकडे मात्र दिवसभरात बाई फिरकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर कहर झाला. थंडीत शाल गुंडाळून पूर्णिमा चहाचं सांगायला निघाली, तर मालुबाई जांभळीखाली पाय पसरून बसलेली, काहीतरी गुणगुणत. पाहुण्यांना जागा नाही आणि हिची इथं बैठक! पूर्णिमाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं तिथूनच मालकाला फोन लावला.

मालक निपाणीचे, कुंथुनाथ नावाचे, बोलायला गोड माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तक्रारी आधीही आल्या होत्या म्हणाले. ही जमीन मूळची मालुबाईच्या सासरची. दिरांनी विकली, तेव्हा मला इथंच कामाला ठेवा म्हणून ती पाया पडली होती. दया आली म्हणून ठेवली, आठ वर्षं सांभाळली.

"पण आता फार झालं, मॅडम. तुम्ही गाडी हलवा. तिचं मी बघतो."

पाचच मिनिटांत मालुबाईचा फोन वाजला. तिनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. "व्हय मालक," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "व्हय मालक." मग सात नंबरपुढची साखळी काढून ती मुकाट्यानं आपल्या खोलीकडे गेली. तिला दुपारच्या गाडीनं जायला सांगितलं आहे, हे स्वयंपाक्यानं येऊन सांगितलं. पूर्णिमाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोटं बोलून बोलून तिनंच हे ओढवून घेतलं होतं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

आणि खरंच जागेनं जादू केली. सावलीत गाडी लागली तशी इरा हुंदडायला लागली. सौरव आपण होऊन खाली उतरला. गाडीच्या अंगाला कापडी मांडव लावू या म्हणाला आणि कापडाचं एक टोक त्यानं पूर्णिमाच्या हातात दिलं. वर्षभरानं दोघं मिळून एखादं काम करत होते. सौरवनं हातभर लांबीच्या लोखंडी मेखा काढल्या आणि हातोडा घेतला. दोन मेखा सहज गेल्या. तिसरी बुंध्याजवळ अडली.

"खाली दगड रचलेत वाटतं कुणीतरी," तो म्हणाला आणि त्यानं हातोडा जोरानं उचलला.

तेवढ्यात मालुबाई आली. काखेत गाठोडं, पायांत झिजलेल्या चपला. आता ही शिव्याशाप देणार, म्हणून पूर्णिमानं इराला जवळ ओढलं. पण म्हातारीच्या तोंडावर राग नव्हता. ती सौरवच्या हाताकडे बघत होती.

"बाई, मालकास्नी सांगू नका, न्हायतर उकरून टाकतील," ती हलक्या आवाजात म्हणाली. "ती मेख तेवढी वीतभर हिकडं घ्या. माझं तीन म्हैन्यांचं लेकरू हाय तितं."