वाचनाचा कोपरा

"बाप रे! हे आपलंच घर ना?" लेक दारातच थबकली, आणि वायरमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नोकरी सुटून काळ लोटला, तरी सगळी इमारत त्यांना वायरमनच म्हणायची. जन्मभर लोकांच्या घरांत दिवे लावले, स्वतःच्या घरात मात्र मधोमध एक ट्यूब, संपला विषय! मागच्या खेपेला लेक आली ती संध्याकाळीच उठून गेली. "जीव गुदमरतो हो इथे, बाबा. धड बसायला जागा नाही, आणि त्या पलंगावर नुसती कूस बदलली तरी कुरकुरतो." ते वायरमनच्या फार जिव्हारी लागलं. दोन दिवस कुणाशी बोललेच नाहीत. तसं बोलायला घरात होतं तरी कोण म्हणा!

मग त्यांनी मोबाइलवर घर सजवायचा वर्ग लावला. वर्गात सगळ्या नव्या संसाराच्या पोरी, आणि त्यांच्यात हे एक टक्कल. पण शिकवणाऱ्या बाईंचा शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही. पोरीने या खेपेला राहावं, चार दिवस म्हणा, आठ दिवस म्हणा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"ती उशी सरळ नको करू," ते आत आलेल्या लेकीला म्हणाले. "तिरकीच ठेवायची असते. सरळ ठेवली की दवाखाना वाटतो."

"आणि एवढे दिवे?"

"एका खोलीत तीन. एक वाचायला, एक बघायला, एक उगीच."

"उगीच?"

"बाई म्हणतात, उगीचच्या दिव्यानेच घराला घरपण येतं."

लेक हसली. किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं. वायरमनना धीर आला. मुख्य गंमत त्यांनी शेवटी राखून ठेवली होती. "आता डोळे मीट," म्हणत त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. "ही तुझी खोली. बघ!"

खिडकीशी ऐसपैस खुर्ची, शेजारी उंच दिवा, भिंतीला फळी, फळीवर तिची जुनी पुस्तकं. खाली निळा गालिचा.

"वाचनाचा कोपरा! तुला लहानपणापासून नाद ना? वर्गात या कोपऱ्याच्या फोटोला पहिला नंबर मिळाला."

ती खोलीभर नजर फिरवत राहिली. "पलंग कुठाय?"

"दिला काढून! वर्षभर वापरली नाही ती वस्तू घराबाहेर, हा बाईंचा पहिला धडा. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग राहिलेत, घासून घासून हात दुखले पण जाईनात. म्हणून वर गालिचा टाकला. कळतं का काही?"

"नाही कळत." ती खुर्चीत बसली. दिवा लावला, पुन्हा बंद केला. "वर्ष झालं, नाही का? झालंच असेल."

किती दिवस राहणार, हे विचारायला वायरमनची जीभ वळवळत होती. पण विचारलं आणि लगेच निघते म्हणाली तर? ते गालिच्याची कड पायाने सरळ करत राहिले.

"मला उगीच वाटायचं, तुम्ही इथे एकटे कुढत असाल," ती म्हणाली. "तुम्ही तर मस्त आहात, बाबा."

"आपल्याला काय धाड भरलीय! मजेत!" तोंडातून निघून गेलं, आणि वायरमननी मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

चहा झाला. तिने कप विसळून ठेवला आणि पर्स खांद्याला लावली. ऑफिसच्या कामाला आले होते, म्हटलं डोकावून जावं, असं काहीतरी म्हणाली. वायरमन तिला सोडायला खाली आले.

फाटकाशी तिने टॅक्सी थांबवली. तेवढ्यात रखवालदाराने आपल्या खोपटातून दोन मोठ्या बॅगा ओढत आणल्या. "ताई, सामान विसरलात! वर विचारून मग नेते म्हणाला होतात ना?" तो परत आत गेला आणि एक कुंडी घेऊन आला. कुंडीत कोरफड होती.

ऑफिसच्या कामाला आलेलं माणूस कुंडी घेऊन फिरत नाही, एवढं वायरमनना कळत होतं. पोरीने राहावं म्हणून त्यांनी सगळं घर हलवलं, आणि ती झोपणार कुठे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वर चल," ते म्हणाले. "माझी कॉट आहे ना. मी पडेन बाहेर. पलंग काय, उद्या दुसरा आणू."

"नको हो, बाबा. किती छान झालंय सगळं. माझ्यासाठी मोडू नका." तिने कुंडी मांडीवर घेतली. "खरंच, आता मला तुमची काळजी नाही."

टॅक्सी कोपऱ्यावर वळली. रखवालदार काहीतरी विचारत होता, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

वर तिन्ही दिवे चालू होते. वायरमन आतल्या खोलीत गेले. खुर्ची भिंतीला लोटली, गालिचा गुंडाळून उभा केला. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि त्या चार डागांच्या मध्ये, गार फरशीवर, पाय लांब करून पडले. या कुशीवर वळले, त्या कुशीवर वळले.

"एक गादी आरामात मावली असती," ते मोठ्याने म्हणाले.