वैजयंताच्या गोळ्या

“गोळ्या संपून तीन महिने झाले, तरी रक्तात विषाणू नाही. संजना, तुझा हिपॅटायटिस सी बरा झाला!” डॉक्टर म्हणाले.

चौदा वर्षांच्या संजनाला खात्रीच होती. बारा आठवड्यांत तिने एकही गोळी चुकवली नव्हती. शेजारी बसलेल्या आईने, वैजयंताने, डोळ्यांना पदर लावला. जन्मताना पोरीला हा आजार तिच्याकडूनच आला होता.

“आता तुमचा रिपोर्ट, ताई. दोघींना एकाच दिवशी गोळ्या सुरू केल्या होत्या.”

वैजयंताने पिशवीतून तीन डब्या काढून टेबलावर ठेवल्या. तिन्हींचं सील शाबूत होतं.

“ताई, हे काय?”

“पोरं जेवल्याशिवाय आई पानावर बसत नाही, डॉक्टर. हिच्या गोळ्या मध्येच मिळेनाशा झाल्या असत्या तर? म्हणून माझ्या राखून ठेवल्या.”

“आणि तुमचं लिव्हर? ते थांबणार आहे का?”

संजनाने एक डबी उचलली, तिच्यावरची मुदतीची तारीख वाचली आणि डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावताच तिने सील फोडलं, गोळी आईच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

“आई, पोर जेवली. आता तू बस.”