पहिली ओटी

हिरव्या खणाची घडी कलाबाईनं तिसऱ्यांदा मोडली आणि तिसऱ्यांदा घातली. ताटात तांदूळ होते, सुपारी, खारका, पाच हळकुंडं, नारळ. नारळ तेवढा इथल्या दुकानातला. बाकी सगळं तिनं औरादच्या बाजारातून घेऊन, साड्यांच्या घड्यांत दडवून टेक्सासपर्यंत आणलं होतं. बाहेर हॉलमध्ये तिची सून मंजुश्री सात महिन्यांचं पोट सावरत फुलांच्या खुर्चीत बसली होती. भोवती मराठी मंडळाच्या बारा-पंधरा बायका.

ताट उचलून कलाबाई निघाली, तर स्वयंपाकघराच्या दारात लेक आडवा आला.

"माय, ताट माझ्याकडं दे."

"कामून रे? पैली ओटी सासूची असती."

"असती. पर..." शिवशंकरनं मागं वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "तू हितंच थांब. अप्पा गेल्यापासून... म्हणजे, बायका नावं ठेवतात."

कलाबाईला क्षणभर उलगडाच होईना. तिचे मालक हणमंतराव जाऊन चार वर्षं झाली होती.

"आरं, आपल्याकडं आता कोण मानतंय ते! गेल्या साली गल्लीतल्या जगदेवीच्या रेणूची पैली ओटी मीच भरले की. बायकांनीच हाताला धरून नेलं मला."

"गावात चालत असंल माय. हितं लोक बघतात."

इथं लोक बघतात! दीड महिना हाच पोरगा तिला रोज उलटं शिकवत होता. साडीवर बूट घाल, इथं कोण बघतंय. टेबलावर माझ्यासंगं जेव, भांडी मी घासतो, इथं कोण बघतंय. देश तसा वेश म्हणून कलाबाईनं सगळं केलं. बूट घातले. लेकाला भांडी घासू दिली. आणि खोटं कशाला बोला, मनातून तिला बरंच वाटलं होतं. आपलं पोर शहाण्या माणसांत राहतंय, असं वाटलं होतं.

मंजुश्रीनं खुर्चीतूनच सगळं ओळखलं. ती छान हसली.

"आत्या, मनाला लावून घेऊ नका हं. माझा विश्वास नाहीच असल्या गोष्टींवर. पण पहिलंच बाळ आहे, उगाच कशाला रिस्क?"

शिवशंकरनं ताट सोडवून घेतलं. त्याला जरा जोर लावावा लागला.

मग पहिली ओटी कुणी भरायची यावर बायकांचं 'तू भर, तू भर' सुरू झालं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "लिंडाला भरू द्या! मज्जा येईल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लिंडा म्हणजे शेजारची म्हातारी. कुंपणापलीकडून रोज कलाबाईला हात करायची. मागच्या आठवड्यात तिनं कलाबाईला घरात नेऊन भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो दाखवला होता आणि बोट आभाळाकडं केलं होतं. कलाबाईनंही आपलं बोट वर केलं होतं. मग दोघी बराच वेळ कॉफी पीत बसल्या. भाषेवाचून काही अडलं नव्हतं.

आज लिंडाला कुणीतरी निळी साडी गुंडाळली होती. ती पुढं आली, तशी मंडळाच्या एका बाईनं तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं.

"आरं, ती बी माझ्यासारखीच हाय की," कलाबाई म्हणाली.

"त्यांच्यात चालतं, माय."

ताट हातात घेऊन लिंडा गोंधळली. मंजुश्रीनं स्वयंपाकघराकडं मान वळवली. "आत्या, कसं भरायचं ते जरा दाखवा ना त्यांना. तिथूनच."

कलाबाईनं दारातूनच दाखवलं. आधी खण आणि नारळ पदरात ठेवायचा. मग तांदळाची ओंजळ भरायची आणि पदरात सोडायची. असं पाच वेळा. तिच्या रिकाम्या हातांकडं बघत लिंडा तिकडं तसंच करत गेली. निम्मे तांदूळ खाली सांडले. बायका हसून हसून बेजार झाल्या.

पाचवी ओंजळ झाल्यावर लिंडानं कलाबाईला हातानं बोलावलं. ये, ये, तूही ये. बायकांचं हसू थांबलं. शिवशंकर पुढं होऊन लिंडाशी इंग्रजीत काहीतरी बोलला, फार अदबीनं.

"काय म्हणलास तिला?" तो जवळ आल्यावर कलाबाईनं विचारलं.

"म्हणलो, आमच्याकडं मोठ्या माणसाचा मान असतोय. ते लांबूनच आशीर्वाद देतात."

तिकडं लिंडानं छातीवर हात ठेवला आणि कलाबाईपुढं चांगली वाकून मान झुकवली. कलाबाईला हात जोडावे लागले.

मग फोटोची घाई सुरू झाली. मंजुश्री मधे, मांडीवर हिरवा खण. शेजारी कुंकू लावलेली लिंडा. बायका मागं दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. शिवशंकरनं इकडंतिकडं पाहिलं आणि फोन आईच्या हातात दिला.

"माय, हे गोल हाय ना, तेवढं दाब. नीट बघ, सगळे आले पायजेत."

तो पळत जाऊन खुर्चीमागं उभा राहिला. कलाबाईनं फोन डोळ्यांसमोर धरला. एकदा सगळ्यांकडं पाहून घेतलं आणि गोल दाबलं.

"सगळे आले का, माय?"

"व्हय," कलाबाई म्हणाली. "सगळे आले."